वाचकांचे प्रश्न: ब्लाइंड नंतर, आधी स्टूल

गेल्या अंकात मी कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, फोमच्या डुकरावर बाण मारायच्या सरावाबद्दल चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात पत्रांचा ढीगच आला. फोम म्हणजे फोमच हो, खरं जनावर नाही, हे दोघातिघांना फोन करून सांगावं लागलं. बहुतेकांचा प्रश्न एकाच वस्तूबद्दल आहे, ती म्हणजे घडी करून खांद्यावर टाकून नेता येणारा लपायचा तंबू, त्याला शिकारीवाले ग्राउंड ब्लाइंड म्हणतात आणि आपले फोटोवाले हाईड. म्हणून यावेळी आंब्याच्या कलमांचे प्रश्न बाजूला ठेवलेत, कलमवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न: नमस्कार भाऊ. माझा भाचा मिशिगनला असतो, तिथं त्याला धनुष्याचं वेड लागलंय, ते चाकंबिकं असलेलं कंपाउंड नाही, साधं लाकडी, टोकं पुढं वळलेलं रिकर्व्ह, 62 इंचाचं. ऑक्टोबरात लायसन काढून तो हरणाच्या शिकारीला जातो. त्याच्या वाढदिवसाला आम्ही सगळे मिळून त्याला पोर्टेबल ग्राउंड ब्लाइंड द्यायचं म्हणतोय. ऑनलाइन बघितलं तर शंभर प्रकार, सगळ्यांवर पानांचं डिझाईन, कुठला घ्यावा कळत नाही. दुसरं म्हणजे डिसेंबरात तो गोव्याला येतो, तेव्हा ब्लाइंड आणि धनुष्य दोन्ही घेऊन आला तर आमच्या भाटात, म्हणजे बागायतीत, रात्री येणाऱ्या डुकरांचा बंदोबस्त होईल का? यंदा कणगां, आमचे कंद हो, सगळी उकरून खाल्ली.
— एक मामा, साखळी

उत्तर: मामा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते छोटं आहे. नाही. भाच्याला सांगा धनुष्य तिकडंच ठेव. मिशिगनमध्ये 1 ऑक्टोबरला धनुष्याचा सीझन सुरू होतो, लायसन मिळतं, सगळं रीतसर आहे, पण आपल्याकडं 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि त्यात शिकार बंद आहे, नुसता प्रयत्न केला, फास लावला, हाकारा घातला तरी ती शिकारच धरतात. रानडुक्कर 2022 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. उभ्या पिकाची नासाडी होत असेल तर परवानगी द्यायचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाला किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे, तुम्हाला नाही, मला नाही आणि भाच्याला तर मुळीच नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळ लोकांना माहीत नसते, या कायद्यात ‘शस्त्र’ म्हणजे काय त्याच्या व्याख्येत बंदुकीबरोबर धनुष्यबाण सरळ नाव घेऊन लिहिलाय, त्यामुळे परवानगीशिवाय धनुष्य घेऊन म्हादई किंवा नेत्रावळीच्या अभयारण्यात पाऊल टाकलं तरी गुन्हा, मग तुम्ही म्हणा की फोटो काढायला आणलेलं. कणग्यांच्या नुकसानीचा अर्ज वनखात्यात द्या, फोटो काढून ठेवा, आणि भाच्याला ब्लाइंडमध्ये कॅमेरा घेऊन बसवा.

आता पहिला प्रश्न. पानांच्या डिझाईनकडं बघूच नका. खरंच. ते डिझाईन गिऱ्हाइकाला भुलवायला असतं, हरणाला त्याचं फारसं काही पडलेलं नसतं, त्याला दिसते हालचाल आणि त्याला येतो वास. साध्या लाकडी धनुष्यवाल्याला बघायच्या असतात दोनच गोष्टी, आत जागा किती आणि खिडकी कशी, आणि नेमक्या याच दोन गोष्टी जाहिरातीच्या फोटोत कळत नाहीत.

बाजारातले बहुतेक ब्लाइंड कंपाउंडवाल्यांना किंवा बंदूकवाल्यांना समोर ठेवून केलेले असतात. कंपाउंड धनुष्य आखूड, उभं सरळ धरायचं. तुमच्या भाच्याचं 62 इंची रिकर्व्ह दोरी चढवल्यावर टोकापासून टोकापर्यंत 58-59 इंच तरी भरतं, लाँगबो असेल तर आणखी लांब. म्हणजे मुठीच्या वर साधारण 30 इंच आणि खाली तेवढंच. आता गणित करा. माणूस 17 इंची स्टुलावर बसला की धनुष्य धरलेला हात जमिनीपासून अंदाजे 42 इंचांवर येतो. त्यात वरचे 30 मिळवा, 72 झाले. म्हणजे छत जमिनीपासून सहा फूट हवं, तेसुद्धा धनुष्य जिथं धरणार तिथं, कारण कंपनी जी उंची छापते ती तंबूच्या मधल्या टोकाची असते, कडेला छत उतरत जातं. साधं धनुष्य चालवणारे ते थोडं तिरकं धरतात, 30 अंश तिरकं केलं तर वर 30 च्या जागी 26 इंच पुरतात आणि छत 68 वर भागतं, पण मग वरचं टोक उजवीकडं 15 इंच सरकतं आणि तिथं भिंतीला घासतं. एकीकडं वाचवलं की दुसरीकडं द्यावंच लागतं. उभं राहून मारायचं असेल तर विसरा, सात फुटांवर छत लागेल.

रुंदीचंही तसंच. 28 इंच दोरी ओढली की कोपर मागं जातं, धनुष्यापासून कोपरापर्यंत सहज 42 इंच, आणि बाणाचं टोक खिडकीबाहेर डोकावू नये म्हणून धनुष्य भिंतीपासून फूटभर आत धरायचं, ते धरून 54. म्हणजे 58 इंच बाय 58 इंचाच्या ब्लाइंडमध्ये भाचा एकटा कसाबसा मावेल, कोपर मागच्या कापडाला टेकेल, कापड हलेल, हरीण जाईल. 70 च्या वरचा घ्या. आणि जाहिरातीतला आकडा कुठून कुठपर्यंत मोजलाय ते बघा, हब ते हब म्हणजे भिंतीचा फुगलेला मध्य ते समोरचा फुगलेला मध्य, जमिनीवर तेवढी जागा नसते. हब म्हणजे काय तर भिंतीच्या मधोमध फायबरग्लासच्या चार काड्या जिथं एकत्र येतात ती गाठ, ती बाहेर ओढली की फट्कन भिंत ताठ होते, छत्रीसारखं.

माझा स्वतःचा किस्सा सांगतो, लाज वाटते पण सांगतो. मी घेतलेला पहिला ब्लाइंड फोटोवाल्यांचा होता, वजनाला हलका, मला वाटलं भारीच सौदा झाला. सत्तरी तालुक्यात एका मित्राच्या कुळागरात तो उभा केला, समोर पंधरा पावलांवर पोफळींच्या मधे फोमचं डुक्कर, आत बसलो, खिडकीतून डुक्कर अगदी स्वच्छ दिसतंय, दोरी ओढली, सोडली, आणि बाण दिसेनाच. डुकरावर नाही, मागच्या मातीच्या ढिगात नाही, कुठं गेला म्हणून शोधतोय तर मित्राचा मुलगा बाहेरून ओरडतोय, काका खिडकीच्या खाली भोक पडलंय! बाण खिडकीच्या खालच्या काठाचं कापड फाडून तिरका होऊन पाटाच्या पाण्यात गेला होता. काय झालं तर साध्या धनुष्याला साईट, म्हणजे नेम धरायची खूण, नसते, बाण डोळ्याच्या खाली चार-पाच इंच असतो, डोळ्याला दिसणारी वाट मोकळी होती पण बाणाची वाट बंद होती. दोन बोटं बाणाखाली आणि एक वर धरणाऱ्यांना हा घोळ जास्त होतो, तिन्ही बोटं बाणाखाली धरणाऱ्यांचा बाण डोळ्याजवळ येतो म्हणून थोडा कमी. म्हणून खिडकी लांबट आडवी चिंचोळी नको, खालपर्यंत उघडणारी हवी, आणि प्रत्येक वेळी बसल्यावर आधी धनुष्य धरून बाणाच्या रेषेतून खाली वाकून बघायचं की समोर कापड तर येत नाही ना.

खिडकीबद्दल आणखी. चेन किंवा वेल्क्रोची खिडकी असली तर पहाटेच्या शांततेत तिचा आवाज म्हणजे गणपतीतला फटाका, हुकांवर आवाज न करता सरकणारी बघा. काही ब्लाइंडना खिडकीवर जाळी असते, जाळीतूनच बाण मारा म्हणतात. ते बाणाच्या टोकाची पाती फिक्स असतील तर ठीक आहे, लागल्यावर उघडणारी पाती जाळीत अडकून वाटेतच उघडतात. आणि भाच्याच्या बाणाला पिसं असणार, त्याच्या धनुष्यात कंपाउंडइतका जोर नाही, मी म्हणेन समोरची जाळी काढून टाकायची. मग आत काळोख पाहिजे, मागच्या आणि बाजूच्या खिडक्या बंद, नाहीतर मागून उजेड येऊन माणसाची सावली पडद्यावरच्या बाहुलीसारखी दिसते. आतून अस्तर काळं असतं म्हणून अंगातला शर्टही काळाच. पानांच्या डिझाईनचं जॅकेट घालून काळ्या तंबूत बसणारे बघितले की मला हसू येतं.

आणि हरीण काही मूर्ख नाही. काल जिथं काही नव्हतं तिथं आज एक डबा उभा, ते लांबूनच थबकतं. टर्कीला म्हणे त्याचं फारसं काही वाटत नाही, पण हरणासाठी ब्लाइंड आधी बरेच दिवस लावून ठेवावा लागतो किंवा तिथल्याच फांद्या, गवत लावून झाकावा लागतो, त्यासाठी बाहेरून पट्ट्या शिवलेल्या असतात त्या मजबूत आहेत ना बघा. सरकारी जमिनीवर रात्रभर ब्लाइंड ठेवायचे नियम तिकडं राज्याराज्यात वेगळे, भाच्याने मिशिगनचे वाचावेत. वारा हरणाकडून आपल्याकडं यायला हवा, ब्लाइंड वास थांबवत नाही, कुणी काही म्हणो. साध्या धनुष्याने वीस यार्डांच्या आतच मारायचं असतं, म्हणजे 18 मीटर, तेवढ्या जवळून शिंक आली तरी खेळ खलास.

घरी एक करून बघा. भाच्याला व्हिडिओ कॉल लावा, त्याला म्हणावं छताच्या उंचीवर एक दोरी बांध, खिडकीच्या काठाच्या उंचीवर दुसरी, मागं एक चादर लटकव, मधे स्टुलावर बस आणि धनुष्य ओढ. माप चुकलं तर तिथंच कळेल, पैसे न घालवता. मी आमच्या बाल्कांवात, घरापुढच्या ओट्यावर, हेच केलं, बायको म्हणाली आता हेच बघायचं राहिलं होतं. आणि स्टूल! ब्लाइंडला तीनशे डॉलर घालणारा माणूस बसायला प्लॅस्टिकची खुर्ची नेतो, तिच्या हातांना धनुष्याचं खालचं टोक आपटतं, ती कुरकुरते, वळत नाही. बिनहाताचं, गोल फिरणारं, पाय मातीत न रुतणारं स्टूल घ्या. बजेट कमी असेल तर स्टूल चांगलं आणि ब्लाइंड मध्यम, उलट नको.

इथून काही पाठवू नका, तिकडंच विकत घेऊ द्या. असले ब्लाइंड सात ते अकरा किलोचे असतात आणि घडी लांब असते, विमानाच्या बॅगेला साधारण 23 किलो आणि लांबी-रुंदी-उंची मिळून 158 सेंटिमीटर अशी मर्यादा असते, वजनात बसेल पण लांबीत अडकेल. जाता जाता, भाचा योग्य गावी गेलाय म्हणायचा, फ्रेड बेअरचा धनुष्याचा कारखाना मिशिगनमधल्याच ग्रेलिंगला होता, 1947 पासून 1978 पर्यंत, मग तो फ्लोरिडाला गेला.

प्रश्न: मी करमळीच्या तळ्यावर आणि खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, पक्ष्यांचे फोटो काढते. मिस्टर म्हणतात शिकारीचा ब्लाइंड घे, मोठा असतो, दोघं बसू. घेऊ का? उकडतं किती आत?
— एक ताई, मडगाव

उत्तर: उकडतं हो ताई, भट्टीच. काळं अस्तर, बंद खिडक्या आणि आपली दमट हवा, मार्चमध्ये सकाळी नऊनंतर आत बसणं म्हणजे इडलीच्या भांड्यात बसणं, आणि घामाने लेन्सवर धुकं चढतं ते वेगळंच. तिकडचे ब्लाइंड थंडीच्या देशासाठी केलेत, ऊब धरून ठेवणं हा तिथं गुण आहे. तुम्हाला पातळ कापडाचा, वरून हवा खेळणारा, एका माणसाचा दोन-तीन किलोचा हाईड बरा. धनुष्यवाल्याला जी मोठी खिडकी लागते ती तुम्हाला नको, तुम्हाला लेन्स बाहेर काढून भोवती आवळता येणारी बाही लागते. मिस्टरांना घरी ठेवा, दोघं बसली की बोलणं होतं.

एक खरं सांगू का, करमळीला गाडी हाच उत्तम हाईड. पक्षी गाड्यांना रुळलेले असतात, काच खाली करा, खिडकीवर तांदळाची छोटी पिशवी ठेवून लेन्स टेकवा, इंजिन बंद. अडई, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी सगळं मिळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाहुणे पक्षी असतात तेव्हा तर गाडीतून उतरूच नका.

खाजनात मात्र हाईड लागतो, आणि तिथं लोक भरती-ओहोटी विसरतात. ओहोटीला चिखलावर सुकं बघून तंबू लावला आणि तासाभरात मानसातून, म्हणजे बांधाच्या दारातून, पाणी आत घुसलं, मी स्वतः गुडघाभर पाण्यात बॅग डोक्यावर धरून बांधावर आलोय, बरोबर एक फ्लास्क होता तो गेला मांडवीला. आदल्या दिवशी भरतीची वेळ बघा, तंबू बांधाच्या अंगाला उंचावर लावा, पण बांधाची वाट अडवू नका कारण ती शेतकऱ्याच्या पायाखालची वाट आहे, जमीन ज्याची त्याला किंवा कोमुनिदादीत, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेत, विचारून घ्या. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात तंबू घेऊन जायचं तर वनखात्याची परवानगी. आणि घरट्याजवळ हाईड लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. पिल्लं असताना आईबाप घाबरून दूर बसतात आणि तेवढ्यात कावळा घरटं साफ करतो, मी बघितलंय, त्या दिवसानंतर घरट्याचे फोटो बंदच केले.

प्रश्न: गेल्या पावसाळ्यात ब्लाइंड माळ्यावर ठेवलेला, चतुर्थीला काढला तर आतून चिकट झालाय आणि बुरशीचा वास. धुवू का सर्फने?
— काणकोणहून

उत्तर: चिकट झालाय म्हणजे आतला पाणी अडवणारा थर सुटायला लागला, दमट हवेत घडी घालून ठेवलं की तो असाच विरघळल्यासारखा होतो. तो परत येत नाही, चिकट भाग ओल्या फडक्याने पुसून काढा आणि तो ब्लाइंड आता फक्त कोरड्या दिवसांत वापरा. बुरशीला साध्या साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि सावलीत दोन दिवस पूर्ण सुकवणं. कपडे पांढरेशुभ्र करणारी पावडर नको, तिच्यातली चमक आपल्याला दिसत नाही पण हरणांना निळ्या-जांभळ्याच्या पलीकडचा उजेड आपल्यापेक्षा बरा दिसतो, पक्ष्यांनाही दिसतो, तंबू ट्यूबलाईटसारखा उजळतो. पुढच्या पावसाळ्यात माळ्यावर नको, आपल्याकडं वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, माळा म्हणजे बुरशीचं माहेर. घडी न घालता कपाटात सैल लटकवा. आणि बाहेर काढला की आत शिरायच्या आधी काठीने झटका, माझ्या तंबूच्या पिशवीत एकदा विंचू निघाला, एका ओळखीच्यांच्या पिशवीत घोणस.

प्रश्न: काका मी अकरावीत आहे, बांबूचं धनुष्य वापरतो, इंडियन राउंड खेळतो. एवढे पैसे नाहीत. ब्लाइंड घरी बनवता येतो का? पक्षी बघायला पाहिजे.
— वाळपई

उत्तर: येतो रे, आणि विकतच्यापेक्षा चांगला येतो. पण आधी ऐक, बांबूचं धनुष्य मैदानावर, पक्षी बघायला जाताना घरी, वर मामांना काय सांगितलं ते वाच. चार बांबू, साडेपाच फूट, वर एकत्र बांधून उभे कर, भोवती गोणपाट गुंडाळ, आतल्या बाजूला आईची जुनी काळी साडी मिळाली तर लाव. बाहेरून माडाची चुडतां, म्हणजे झावळ्या, टेकव, ताजी नको, दोन दिवस उन्हात पडून तपकिरी झालेली, कारण हिरवी सुकताना आकसतात. बसल्यावर डोळ्याच्या उंचीला हातभर लांब, चार बोटं उंच भोक ठेव, जास्त नको. खाली बसायची जागा पालापाचोळा काढून मातीपर्यंत झाडून घे, सुकं पान पायाखाली मोडलं की खंड्या उडालाच. तुमच्याकडं ओहळाच्या काठी जून महिन्यात तिबोटी खंड्या येतो, पण तेव्हा जळवा असतात, मोज्यांवर तंबाखूचं पाणी लाव आणि आईला सांगून जा.